रिफंडचे पेढे

कामोठ्यात आमचं इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देण्याचं छोटंसं ऑफिस आहे. मी आणि मंदार, दोघंच. सीझन संपला की फायली कमी होतात, किस्से मात्र माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतच जातात. टाकवतही नाहीत!

*

सावंतकाका तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. एकदा पेढेच घेऊन आले. "रिफंड मंजूर! मेसेज आलाय. फक्त चारशे नव्व्याण्णव प्रोसेसिंग फी भरायचीय!"

"काका, तुमचं रिटर्न अजून भरलंच नाहीये," मंदार म्हणाला.

काकांनी पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढे केला. मग म्हणाले, "मेसेज फसवा असेल, पेढे चांगल्या दुकानातले आहेत. खा!"

*

शाळेतल्या कुलकर्णी मॅडमना कुणीतरी सांगितलं होतं, जादा फी दिली की रिफंड चार दिवसांत. मी समजावलं, "मॅडम, रिफंड लवकर मिळायला फी वगैरे काही नसते."

"अय्या! तत्काळ कोटा संपला का?"

*

खांदेश्वर स्टेशनबाहेर एक गृहस्थ छत्री लावून बसायचे. बोर्ड होता: 'हमखास रिफंड! फी अ‍ॅडव्हान्स.' एक दिवस तेच आमच्याकडे हजर. स्वतःचाच रिफंड अडकला होता!

मंदार म्हणाला, "बघतो की. फी काम झाल्यावर द्या."

गृहस्थांचा चेहरा पडला. "काम झाल्यावर? मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

*

म्हात्रे मावशी मूळच्या इथल्याच, तीन खोल्या भाड्याने दिलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रिफंडची वाट बघत होत्या. आमच्याकडे बसलेल्या असतानाच त्यांना फोन आला. मावशींचा फोन कायम स्पीकरवर.

"आजी, तुमचा रिफंड तयार आहे. आधी दोन हजार फी भरा."

मावशी लगेच पिशवीत कार्ड शोधायला लागल्या. मी हातवारे करून नको नको म्हणतेय, तर त्यांनी मलाच गप्प बसवलं. तेवढ्यात त्यांच्यातली घरमालकीण जागी झाली.

"फी त्यातूनच काप ना बाला! आमी भाडोत्र्याला डिपॉझिट परत देताना रंगाचं पैसं कापूनच देतो."

"तसा नियम नाही, आजी."

"कसा नाय? भिंतीला खिला ठोकला तरी आमी कापतो!"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "आजी, माझ्या घरमालकाने रंगाचे आठ हजार कापलेत हो. परत मिळतील का?"

मावशींनी खुर्ची पुढे ओढली.

"मिलतील ना. कसं ते सांगते. पन माजी फी हाय. आधी भर!"