उमीचं रक्त आणि मथुरेची सुपारी

लेक उमी सहा महिन्यांची असताना पांढरीफटक पडली, तेव्हापासून अनसूयाची दवाखान्याची वारी सुरू झाली ती आठ वर्षं झाली तरी सुरूच होती. दर एकवीस दिवसांनी मुकुंदवाडीहून रिक्षा, केसपेपर, रक्तपेढीच्या खिडकीपुढची रांग, मग वॉर्डातली खाट. पोरीच्या हातात सुई गेली आणि पिशवीतलं रक्त थेंबाथेंबानं उतरायला लागलं, की अनसूया खाटेच्या कडेला डोकं टेकवायची. झोप यायची नाही, नुसते डोळे मिटायचे. घरी आल्यावर शिवणयंत्रावर ब्लाउजांचा ढीग वाट बघत असायचा.

तिचा नवरा वैजनाथ शेंद्र्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा. तो तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा. पाचोडहून ती सून म्हणून आली तेव्हा आवडाबाई मामी कौतुकानं म्हणाली होती, "घरातली पोर घरातच आली." उमी आजारी पडल्यावर तीच मामी म्हणू लागली, "बाळंतपणात हिनं पथ्य पाळलं नाय." अनसूयालाही ते खरंच वाटायचं. कधी तिला वाटायचं दुधात काही कमी होतं, कधी वाटायचं त्या शेवटच्या महिन्यात आपण फार शिवण केलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर घरात धाकट्या दिराच्या, कडूबाच्या लग्नाचं निघालं. मुलगी ठरल्यातच जमा होती: अनसूयाची धाकटी बहीण मथुरा. दोघं एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती, हसतखेळत होती. माघात सुपारी फोडायची, असं बोलून झालं.

अनसूयाला आनंद व्हायला हवा होता. पण हेही लग्न घरातल्या घरातच, हे तिच्या मनातून जाईना. पुढच्या खेपेला तिनं रक्त तपासणाऱ्या रईसा मॅडमना गाठलं. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं, "मॅडम, नेमकं झालंय काय हो उमीला?"

रईसानं हातमोजे काढले आणि शेजारी बसली. "तहसिलातलं दप्तर बघितलंय ना ताई? मूळ कागद कुणी बाहेर देत नाही. पाहिजे तेवढ्याची नक्कल मिळते. अंगातल्या पेशीत तसंच. डीएनए हे मूळ दप्तर, ते आतच राहतं. रक्तातलं हिमोग्लोबिन करायचं असलं, की तेवढ्याच मजकुराची नक्कल निघते. तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेत मधेमधे बिनकामाचा मजकूरपण उतरतो. तो कापून बाकीचे तुकडे जोडावे लागतात. मग ती नक्कल बाहेर जाते, तिथं तीन-तीन अक्षरं वाचतात आणि दर तिनाला एक मणी ओवतात. अशी लांब माळ झाली की झालं प्रथिन. हिमोग्लोबिन तसल्याच माळांचं."

"मग उमीचं?"

"जिथं कापायचं, तिथलं एक अक्षर बदललंय. कात्री भलतीकडंच चालते. माळ होतच नाही."

अनसूया म्हणाली, "कापायची खूणच चुकली म्हणा."

"बस, तेवढंच."

"माझ्यामुळं?"

"तुम्ही काही केलं म्हणून नाही. प्रत्येकाकडं त्या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तुमची एक चांगली, म्हणून तुम्ही धडधाकट. वैजनाथभाऊंचंही तसंच. पेशी वाढताना सगळं दप्तर जसंच्या तसं उतरवलं जातं, चुकीसकट. पिढ्यान्‌पिढ्या. उमीला दोन्हीकडून चुकलेली प्रत आली. तुमच्या दोघांच्या दर लेकराला हा धोका चारात एक." रईसा थांबली. "एकाच घराण्यात लग्नं झाली, की तीच चूक समोरासमोर यायची शक्यता वाढते."

घरी येऊन अनसूयानं भाकरी थापल्या, उमीला रक्त चढवून अंगात साठलेलं लोह उतरवायची गोळी पाण्यात विरघळवून पाजली आणि मग सगळ्यांसमोर म्हणाली, "सुपारीआधी कडूबाभाऊजींचं आणि मथुरेचं रक्त तपासायचं."

आवडाबाईनं ताट सरकवलं. "सख्ख्या भणीच्या लग्नात खोडा घालतीस व्हय? माझ्या पोरात खोट काढतीस?"

"मामी, खोट माझ्यात बी हाय. तुमच्या थोरल्या पोरात बी हाय."

कडूबा उठून बाहेर गेला. वैजनाथ खाली बघत जेवत राहिला. हात धुऊन आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी नेतो त्याला. उद्या माझी दुसरी पाळी हाय, सकाळ मोकळी हाय." लग्नाला दहा वर्षं होत आली होती, पण नवरा इतक्या उघडपणे तिच्या बाजूनं कधीच उभा राहिला नव्हता. तिला भरून आलं, पण रडायचीही ताकद नव्हती.

पाचोडला ती स्वतः गेली. आई चिडली, मथुरा मुकाट्यानं आली. आठ दिवसांनी दोन्ही कागद हातात पडले. दोघांच्याही रक्तात तीच चुकलेली खूण होती.

लग्न मोडलं. कडूबानं पुण्यात नोकरी धरली. आईनं अनसूयाचा फोन उचलणं बंद केलं. मथुरेनं जाताना विचारलं होतं, "ताई, तू गप बसली असतीस तर कदाचित आमच्या लेकरांना काहीच झालं नसतं ना?" अनसूयाला खोटं बोलवेना. "नसतंही झालं," ती म्हणाली. हे उत्तर तिला पुढं कित्येक महिने टोचत राहिलं. आपण बरोबर केलं हे कळत होतं, पण त्यानं जीव हलका होत नव्हता.

दीड वर्षानं, भर उन्हाळ्यात, अनसूया तापानं फणफणली आणि नेमकी उमीच्या रक्ताची तारीख आली. वैजनाथला सुट्टी मिळेना. सकाळी दारात मथुरा उभी. तिला कुणी कळवलं, ते तिनं सांगितलं नाही. चेहरा उतरलेला, खांद्याला पिशवी.

"केसपेपर कुठं हाय?" तिनं विचारलं.

"मथुरे, मी तुझं..."

"ते आता नगं ताई. मी नेते उमीला. तू पड."

तिनं पोरीच्या वेण्या घातल्या, डबा भरला आणि दोघी रिक्षात बसून गेल्या. घर शांत झालं. अनसूयानं चटईवर अंग टाकलं आणि दुपार कलेपर्यंत ती गाढ झोपली.