दिराचं काडतूस

माझ्या दिराने दिवाळीतली टिकल्यांची बंदूकही कधी उडवली नाही, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून तो काडतुसांचा पंडित झाला. मनवेलपाड्यात आमच्याकडे राहायला आला, की जेवताना याचं सुरू: "वहिनी, काडतुसाच्या दोन पुंगळ्या बाहेरून सारख्याच दिसतात. पण एकीचं पितळ जाड असलं, तर आत जागा कमी. दारू तेवढीच भरली तरी दाब भलताच वाढतो. तुम्हाला नाही कळायचं."

एकदा मी अर्नाळ्याला सुकट आणायला गेले, तेव्हा या पंडिताने डाळ-पाण्याने कुकर काठोकाठ भरून गॅसवर चढवला. मी परतले तर डाळ छताला आणि पंडित टेबलाखाली.

मी त्याच्यापुढे स्टूल आणि फडकं ठेवलं. "भावोजी, आत जागा कमी पडली की काय होतं, ते वर चढून पुसा."