शेरीफ कुठे गेला?

अमेरिकेतल्या टोलीडोतला आमचा शेजारी लोवेल प्रूट हा निवृत्त पोस्टमन. नोकरीभर कुत्री चावली, म्हणून म्हातारपणी त्याने न भुंकणारा प्राणी पाळला: खाऱ्या पाण्याच्या टाकीतला बुटक्या जातीचा एंजल मासा. बोटभर लांब, निखाऱ्यासारखा लाल, नाव शेरीफ. आपल्याहून दुप्पट मोठ्या माशांना तो दगडांच्या कपारीत कोंडून ठेवी, आणि लोवेल नातवाचं कौतुक करावं तसं ते सांगे.

पण शेरीफने लोवेलची बायको डोरीन टाकीत वाढवत असलेल्या जिवंत पोवळ्याला तोंड लावलं. नखाएवढ्या तुकड्याचं तिने बशीएवढं केलं होतं.

"लोवेल, हा गुंड दुकानात परत जाईल, नाहीतर मी बहिणीकडे."

"किती दिवस?" लोवेलने आशेने विचारलं. मग निमूट जाळी आणली.

जाळीत येईल तर शेरीफ कसला! शेवटी आम्ही एकेक दगड उपसून स्वयंपाकघरात टॉवेलांवर मांडला. पोवळ्याचा दगड तेवढा डोरीनने बादलीतल्या पाण्यात ठेवला. टाकीत नुसतं पाणी उरलं, शेरीफ नाही.

"उडी मारली!" लोवेल सोफ्याखाली पालथा पडला. तेवढ्यात मांजर मिशा चाटत आलं.

"तोंड उघड, बाई. खरं सांग," लोवेलने मांजराला दरडावलं.

मी हसलो. लोवेल हसला नाही.

"सकाळी माझ्या हातून खाल्लं रे त्याने," तो म्हणाला. "आणि मी त्यालाच धरायला..."

"दगड!" डोरीन किंचाळली. "लोवेल, दगड!"

घाबरला की हा मासा दगडाच्या भोकात शिरून अंग रोवून बसतो, दगड पाण्याबाहेर काढला तरी सोडत नाही. हे लोवेलनेच मला शंभरदा ऐकवलं होतं. आणि दगड तर टॉवेलांवर वाळत पडलेले!

आम्ही धडाधड दगड पाण्यात घातले. पहिल्यातून काही नाही. दुसऱ्यातून नाही. अगदी शेवटच्यातून शेरीफ घरंगळला, आडवा, विटलेला. लोवेलने त्याच्याखाली तळहात धरला.

"ऊठ, बाळा. ऊठ ना."

कल्ला जेमतेम हलत होता. दुपार कलली, तरी लोवेलने हात काढला नाही. मग डोरीनने बादलीतून आपलं पोवळं उचललं आणि शेरीफच्या तोंडाशी ठेवलं.

"खा, मेल्या. सगळं खा."

बराच वेळ काहीच नाही. मग शेरीफ डुगडुगत सरळ झाला आणि त्याने एक लचका तोडला.

डोरीन हुंदके देऊन रडायला लागली. माशासाठी की पोवळ्यासाठी, हे विचारायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही.