सांडशी आणि जुनी मोटार

मला मोटारीची हौस कधीच नव्हती. लोक नंतर म्हणायला लागले की बाईला भारी शौक, पण ते साफ खोटं आहे. मला माझ्या ताईकडे जायचं होतं, एवढंच.

ताईचे यजमान नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत नोकरीला होते आणि आमचे हे भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. भंडाऱ्याला आमची आई सगळ्या गल्लीत सांगायची की दोन्ही पोरी एकाच गावात पडल्या. गाव कसलं डोंबलाचं? मधे नुसता मुरूम, अर्धवट रस्ते आणि दिवसभर धुरळा उडवणारे डंपर. प्लांट उभा राहत होता, त्यामुळे वीटसुद्धा जागेवर नव्हती, तिथे बस कुठून असणार? खाणीकडे जाणारी एखादी गाडी मिळाली तरी परतीचं काही खरं नसायचं. ह्यांना सुट्टी असली की ताईच्या घरी ड्यूटी, तिकडे सुट्टी असली की ह्यांना ओव्हरटाइम. ताईला मूलबाळ नव्हतं. ती तिकडे पांढऱ्या धुळीत दिवसभर एकटी, मी इकडे तांबड्या धुळीत लेकीला कडेवर घेऊन एकटी. सणावारी भेटलो की रडून घ्यायचो आणि परत आपापल्या धुळीत. मनात येईल तेव्हा, कोणाच्या मागे न लागता तिच्याकडे जाता यावं, याशिवाय मी त्या दिवसांत देवाकडे काही मागितलं नाही.

देवानं मोटार पाठवली, पण अशी पाठवली की हात जोडावे की कपाळ बडवावं ते कळेना. बराकी बांधणारा एक ठेकेदार काम संपवून नागपूरला परत चालला होता. त्याची लढाईच्या आधीची विलायती गाडी त्याच्या आवारात पावसात सडत पडली होती. ‘घेऊन जायची तर घेऊन जा,’ तो ह्यांना म्हणाला. आमच्या ह्यांना फुकट म्हटलं की डोळ्यांवर झापड येते. चार मित्रांनी ट्रकला दोर बांधून ती ओढत आणली आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात सोडली. तळ कुजून गेलेला, दारं गंजून जाळी झालेली, सीटमध्ये उंदरांचा संसार. हे म्हणाले, "पाहाच तू, महिनाभरात पळते."

हे आणि ह्यांचे मित्र, सगळे प्लांटची माणसं. आमच्या प्लांटच्या माणसांना पातळ लोखंड हे लोखंड वाटतच नाही. रोज गर्डर आणि जाडजूड प्लेटी बघून त्यांची नजरच तशी झालेली. मित्रांपैकी एक वेल्डर होता. त्यानं गाडीच्या पत्र्याला वेल्डिंग मारलं तर पत्रा वितळून मोठं भोक पडलं. मग भोकावर जाड प्लेट, तिच्या शेजारी आणखी एक प्लेट, आणि तळाला तर अशी प्लेट टाकली की वरून क्रेन जावी. सगळेच मागे सरकून कौतुकानं बघत उभे राहिले. त्यांच्या समोरच गाडी हळूहळू खाली बसली आणि मडगार्ड चाकांना टेकले.

"मजबूत झाली ना पण," हे म्हणाले.

"पूल बांधला काय तुमी?" मी म्हटलं. "हे घेऊन नाल्यावर टाका, लोक जातीन वरून."

त्या दिवसापासून ह्यांचा उत्साह संपला आणि माझा सुरू झाला. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गंजलेलं लोखंड आयुष्यभर घासलं होतं. तव्याला लागते तीच चिंच, तोच विटेचा चुरा आणि तोच रॉकेलचा बोळा. दुपारी शेजारणी भांडी घासायला बसल्या की मीही बसायची, पण मोटारीपाशी. हळूहळू त्याही येऊन एकेक दार घासायला लागल्या. बोलणं चालू, हात चालू. वेल्डरला सांगून त्या प्लेटी कापून काढल्या. तळाला फळ्या बसवल्या. रशियाहून यंत्रं ज्या पेट्यांत यायची त्यांच्या फळ्या तेव्हा भिलाईत घरोघरी असत. कोणाची खाट त्याची, कोणाचं देवघर. आमच्या मोटारीचा तळ त्याचा, त्यावर उलटीसुलटी रशियन अक्षरं. दारांना तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिबिटा मारल्या.

चुका मीही केल्या, नाही असं नाही. शिवणयंत्राला तेल घातलं की ते सुतासारखं चालतं, म्हणून मी गाडीत दिसेल तिथे तेल घातलं. ब्रेकमध्येही घातलं, चांगलं मनापासून. मग गाडी ढकलून बघितली तर ती उतारावरून जी निघाली ती थेट शेजारच्यांच्या पेरूच्या कुंपणात. शेजारीण आठवडाभर बोलली नाही. ब्रेक उघडून, रॉकेलनं धुऊन, विटेनं घासून पुन्हा बसवले. मग मात्र ती गाडी मला आतून बाहेरून कळायला लागली.

याच सुमारास क्वार्टरांची पाहणी करणारे साहेब आले. अंगणात असलं काही ठेवायचं नाही असा नियम होता. भट्टीला भंगार लागतंच, ट्रक येऊन उचलून नेईल, असं त्यांनी सांगितलं. मी दारात उभी राहून म्हटलं की हे भंगार नाही, ही चालणार आहे. साहेब हसले. मनानं वाईट नव्हते. "ठीक है बहनजी, विश्वकर्मा पूजा तक। उस दिन अपने आप गेट से बाहर निकली तो आपकी। नहीं तो दूसरे दिन ट्रक आएगा।"

मला काही दुसरं दिसेना. ती भट्टी मी बघितलेली होती. त्यात माझी मोटार वितळणार आणि तिच्याबरोबर माझा नंदिनीचा रस्ताही. मी दिवसरात्र तिच्या मागे लागले. हे सुद्धा पुन्हा कामाला लागले, कारण आता त्यांनाही लाज वाटत होती. पूजेच्या काही दिवस आधी ह्यांनी पुढून हँडल मारलं, मी आत बसून चोक ओढला, आणि इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चक्क सुरू झालं. सगळ्या लाइनीतली पोरं धावत आली. मी आत बसून रडत होते आणि बाहेर धुरामुळे कोणाला दिसत नव्हतं, ते बरंच झालं.

विश्वकर्मा पूजा म्हणजे भिलाईची दिवाळीच. त्या दिवशी अवजारांना विश्रांती. प्लांटमध्ये मशिनींना हार, घरोघरी पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडलेले, हळद-कुंकू लावलेले. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. बंगाली असो, बिहारी असो की आमचा भंडाऱ्याचा माणूस, यात सगळे एक. आमच्याही पाटावर सगळं मांडलं होतं. मोटारीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. साहेब आले, शेजारी जमले. ह्यांनी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. मी पहिला गिअर टाकला. मोटार गेटपर्यंत आली, पुढची चाकं बाहेर पडली आणि तिथेच तिनं मान टाकली.

हँडल मारून मारून ह्यांचे हात भरून आले. मला कळलं होतं काय झालं ते. टाकी आतून गंजलेली, तिचा कचरा पेट्रोलबरोबर येऊन कार्बोरेटरमध्ये अडकला होता. दोन नट सोडायचे, भोक साफ करायचं, बस.

"पाना आणा," मी म्हटलं.

हे जागचे हलले नाहीत. "आज अवजाराले हात नाई लावत. तुले माईत हाय."

"मंग उद्या ट्रक येईन."

"मी काय करू? देवाले सांगू काय, जरा सरक म्हणून?"

साहेबांनीही मान हलवली. "आज तो नहीं, बहनजी। आज के दिन पाना कोई नहीं छुएगा।" वेल्डर खाली बघत होता. अर्धी मोटार गेटच्या आत, अर्धी बाहेर, आणि सगळी माणसं मयताला आल्यासारखी उभी. माझं डोकं फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि सांडशी, पोळी उलटायचा सराटा, चहाची गाळणी घेऊन आले. हे म्हणाले, "काय करून रायली तू?"

मी सांडशी त्यांच्या नाकासमोर धरली. "हे अवजार हाय काय?"

हे एक पाऊल मागे सरकले.

"सांगा ना. हिले हळद-कुंकू लावलं काय तुमी? पाटावर ठेवली? आज सकाळी ह्याच सांडशीनं उतरवलेल्या भाताचा नैवेद्य दाखवला. हिले सुट्टी कोन्या दिवशी असते, ते तरी सांगा. नाई ना? मंग हे अवजार नाई."

शेजारच्या पेरूवालीनं पदर तोंडाला लावला. साहेब ह्यांच्याकडे बघायला लागले, हे साहेबांकडे. मी बॉनेट उघडलं. नट पितळी होता आणि मीच आवळलेला, त्यामुळे फडकं गुंडाळून सांडशीनं धरला तर दोन हिसक्यांत सुटला. आतला स्क्रू सराट्याच्या टोकानं काढला. केसातला आकडा काढून बारीक भोक मोकळं केलं, फुंकर मारली. तोंडात पेट्रोलची चव आली. टाकीतलं पेट्रोल गाळणीवर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून गाळलं. तोवर पेरूवाली न सांगता स्वतःची सांडशी घेऊन आली होती आणि दुसरा नट धरून उभी होती.

"हाना हँडल," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी मारलं. मोटार सुरू झाली आणि गेटच्या बाहेर पडली. पूजेच्या मांडवापर्यंत गेली, मांडवाला वळसा घातला, परत आली. बायका शेजारून पळत होत्या. मला वळवता येत होतं पण थांबवायची अजून नीट सवय नव्हती, म्हणून मांडवाला आणखी एक वळसा घालावा लागला. साहेबांनी दुसऱ्या फेरीला हात जोडले. देवाला की मला, ते मी कधी विचारलं नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे ह्यांच्यासमोरही सांगत आले आहे.

ट्रक आला नाही. पुढे रिसालीकडच्या मोकळ्या मैदानात मी गाडी नीट शिकले. हे शेजारच्या सीटवर बसून डोळे मिटून घ्यायचे. दुर्गला जाऊन लायसन काढलं. आणि एका साध्या बुधवारी, कुठलाही सण नसताना, सकाळची कामं आटोपून मी नंदिनीला निघाले.

ताईच्या क्वार्टरसमोर मोटार उभी केली तेव्हा ती पिठाच्या हातानं बाहेर आली. आधी मला बघितलं, मग मागची सीट बघितली, मग गाडीच्या पलीकडे जाऊन कोणी उतरतंय का ते बघितलं.

"भाऊजी कुठं हायेत?"

"घरी. रजा घेतली. पोरीले सांभाळून रायले."

"मंग तुले आणलं कोनं?"

"मीच."

ती मागे वळली. आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. पण चुलीवरचं भांडं उतरवून, हात धुऊन, दाराला कडी घालून ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठंई."