पिस्टनवरच्या खुणा

थोरल्या भावाने एका जहागीरदाराची सहा सिलिंडरची मोटार घेतली, तेव्हा कमलनगर भागात तेवढ्या ताकदीची दुसरी गाडी नव्हती. माणसांनी भरली तरी ती चढाला दबत नसे. पण इंजिन धूर सोडू लागलं. लग्नसराईच्या आत ते नव्याने बांधून मिळालं नाही, तर ठरलेली वऱ्हाडांची भाडी हातची जाणार होती.

मिस्त्री निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी लॉरीवाल्यांना एकच विचारत गेलो, त्याने बांधलेलं इंजिन परत केव्हा उघडावं लागलं? बीदरच्या एका मिस्त्रीबद्दल प्रत्येकाला बराच वेळ आठवावं लागलं. म्हणून तोच ठरवला.

त्याने इंजिन उघडलं तो शुक्रवार होता. पिस्टन धुऊन फडक्यावर मांडले आणि दुकान आमच्यावर सोडून तो आपल्या माणसांसह नमाजाला गेला. मी चहा सांगायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा मिस्त्री एक पिस्टन उजेडाकडे धरून उभा होता. पिस्टनच्या अंगावर खिळ्याने आमच्या आडनावाचं अक्षर कोरलेलं. सगळ्यांवरच होतं.

"अण्णा, भांडी कल्हईला आणलाव का?" त्याने भावाला विचारलं. कामावरची माणसं हसली.

"राग कामून धरता, मिस्त्री? बदलाबदली होऊ न्हाई म्हणून घरचं पातेलंबी आम्ही खूण करूनच देतो," भाऊ म्हणाला.

भावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझी मात्र मान वर होईना. तुमच्या भरवशावर आलो, असं सकाळीच मी त्या माणसाला म्हटलं होतं. खुणा मी केल्या नव्हत्या, पण तसं सांगायचं म्हणजे थोरल्या भावाला चारचौघांत उघडं पाडायचं.

रेघांच्या कडा सिलिंडर खरवडतील, पण घासून काढता येतात, असं मिस्त्री म्हणाला. मग तेवढं करा, मी घाईने म्हणालो.

"ते कुणीबी करील. मी दुकान उघडं टाकून गेलो, अन् तुम्ही खुणा करत बसलाव. इंजिन दुसरीकडं न्या."

प्रत्येक भाग आमच्याकडून तपासून घेत त्याने पोत्यात भरला.

गुलबर्ग्याचा मिस्त्री लगेच तयार झाला. त्याने पिस्टन हातात फिरवले, अक्षरावरून बोट फिरलं, तरी काही विचारलं नाही. रेघा घासून घ्या, हे मलाच सांगावं लागलं. "व्हय, बघू," म्हणाला. इंजिन बांधून होईपर्यंत मी रोज त्याच्या दुकानात राखणीला बसलो. त्याला माझ्या राखणीचं काहीच वाटलं नाही. मला मात्र मान वर करून बसवत नव्हतं.