लडाखचा निळा ठिपका

आमच्या ह्यांना, म्हणजे राजानंदना, घरात मीठ कुठे असतं ते ठाऊक नाही. लडाखची कुठली डोंगरधार कुठे वळते, ते मात्र झोपेतून उठवून विचारा! जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य त्या उंच, कोरड्या वाळवंटाचे नकाशे करण्यात गेलं. म्युनिकला भीमजयंतीच्या जेवणातसुद्धा ताटात भाताची रांग रचून वर वरण ओतायचे आणि शेजारच्याला जर्मन ढंगात म्हणायचे, "आल्झो, तर घळ अशी पडते बघा." मी लाजेनं अर्धी व्हायचे.

कामात मात्र भलते कडक. ऐन कोरड्या दिवसांत कुणी तरी स्वतः जाऊन पाणी पाहिलं, तरच झऱ्याचा निळा ठिपका नकाशात राहणार. "अगं, ठिपका बघून माणूस बाटलीतलं शेवटचं पाणी संपवतो," म्हणायचे.

त्यातला एक ठिपका आमचा होता. लग्न नवं असताना मी हट्टानं त्यांच्याबरोबर मोजणीला गेले होते. उन्हात चालून पायांचे तुकडे पडले, मी रडकुंडीला आले आणि तेवढ्यात एका कड्याखाली झरा सापडला. ओंजळीनं पाणी पिताना आम्ही वेड्यासारखे हसत सुटलो. काय दिवस होते ते! अजून आठवलं की जीव हरखतो.

२०१८मध्ये नकाशाची नवी आवृत्ती निघायची होती. त्यांचा सहकारी केतन लडाखहून परतला आणि आमच्याकडे जेवताना म्हणाला, "सर, तो कड्याखालचा झरा आटलाय. मेंढपाळ म्हणाले, कित्येक वर्षांत थेंब नाही." हे नुसतं जर्मनमधलं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाले आणि ताक प्यायले.

शनिवारी नकाशा छपाईला जायचा होता. सकाळी चहा द्यायला गेले, तर संगणकाच्या पडद्यावर ठिपका तसाच!

"अहो, हा काढला नाहीत?"

"राहू दे गं. एवढ्या नकाशात एक."

"कुणासाठी राहू दे?"

"तुझ्यासाठी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला भरून आलं आणि रागही आला. "मला कशाला हवा नकाशा? मी प्यायलेय ते पाणी. उद्या कुणाची पोर तिथे तहानलेली पोचली म्हणजे? काढा आधी!"

मग त्यांनी ठिपका काढला. तिथे नुसत्या तपकिरी रेषा उरल्या. मला हुंदका आवरेना.

त्यांनी माझा हात धरला. "पाणी गोड होतं ना गं?"

"गोड कसलं! दात ठणकले होते माझे," मी म्हटलं. "पण तुम्ही मला आधी पिऊ दिलंत."