घत्तासांच्या दारचा पहिला घड

आमच्या वाळवंटी तमासीन गावात घत्तास, म्हणजे बुडी मारणारा, हे आडनाव एकाच घराला आहे. भरल्या विहिरींत बुडी मारून तळाला साचलेली वाळू उपसणे हे त्यांचे कुळकर्म. मसऊद घत्तास मात्र न्हावी होता. त्याला पोहताही येत नव्हते. तरीही कुळाचा मान म्हणून प्रत्येक बागेतला खजुराचा पहिला घड त्याच्याच दारी जाई.

यंदा मोठी विहीर बुजली. मुखिया आला. "घड गोड लागले ना, मसऊद? चल आता."

"आडनाव आजोबांचं आहे, काका. दम त्यांच्याबरोबरच गेला," त्याची गरोदर बायको झोहरा म्हणाली.

विहिरीच्या काठावर मसऊदने कानांत चरबी माखलेली लोकर कोंबली. कमरेच्या दोराचे टोक माझ्या हाती देत म्हणाला, "गुरुजी, बाळाला शाळेत घालाल तेव्हा आईचं आडनाव लावा."

तो उतरला. मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. दोराला हिसका बसला नाही.